फोनवरचा पहारा

"तू इथंच बस. फोनला कुणाला हात लावू देऊ नको," सर म्हणाले आणि बोटानं ऑफिसातली जमीन दाखवली. मी एम.एस्सी.ला होतो. खुर्च्या रिकाम्या होत्या.

परभणीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर नवाच आला होता. टेलिफोनच्या तारेतून तो पुण्याच्या मशीनला जोडायचा. मग बाहेरच्या संशोधनाचे सारांश उतरायचे, ओळ ओळ, मुंगीच्या चालीनं. तार सगळ्या विभागाला एकच. इकडं ऑफिसातला फोन कुणी उचलला की तिकडं जोडणी तुटायची. म्हणून पहारा. पहाऱ्याला दरवेळी मीच. बाकीची पोरं आत मशीनसमोर.

झरीला, आमच्या गावी, माझा बाप पाटलाच्या दारात असाच खाली बसायचा. मला त्यानं त्यासाठी शिकवलं नव्हतं.

माझा विषय ज्वारीवरचा खडखड्या रोग. ऐन दाणा भरताना ताटं वाळून आडवी होतात. जगात त्यावर काय काम झालंय ते बघितल्याशिवाय प्रबंध देऊ नको, हे माझे मार्गदर्शक म्हणून सरांनीच बजावलेलं. मी पाळी मागायचो. सर म्हणायचे, "लाइन कमी पडायलीय. पुढच्या आठवड्यात बघू." अख्खा हिवाळा गेला.

एक दिवस आत सरांचा पुतण्या बसलेला. आमच्या कॉलेजचा नव्हताच तो. अमेरिकेतल्या विद्यापीठांची माहिती उतरवत होता. मी दारात गेलो.

"सर, प्रबंधाची मुदत आली. आज तरी माझं बघू द्या."

सर पोरांकडं बघून हसले. "यांना आधी विद्यापीठाला नाव पाहिजे होतं. आता लाइन पण पाहिजे! जा, फोन सांभाळ."

पोरंही हसली. माझ्यासोबत मेसमध्ये जेवणारी पोरं.

नामांतरासाठी आमची घरं जळाली होती. ह्यांना त्याचा विनोद सुचत होता.

ऑफिसात आलो. जमिनीवर बसलो नाही. टेबलामागच्या खुर्चीत बसलो आणि रिसीव्हर उचलला. कानात कायतरी कर्कश किंचाळलं. मग गप्प.

आतून ओरड आली. "कोणी उचलला रे फोन?"

"मी."

"ठेव खाली! अक्कल आहे का?"

"न्हाई ठेवत."

सर धावत आले. मी उठलो नाही. रिसीव्हरही सोडला नाही.

प्रबंध रखडला. सरांनी सही दिली नाही, मार्गदर्शक बदलून मागावा लागला. त्याचं दुःख आहे. पस्तावा नाही.

लाइन बारीक होती, खोटं नाही. पण बारीक लाइन कुणाची, हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं. ते मला मंजूर नाही. जो आधी येईल त्याची पाळी आधी. एवढं होत नसेल तर लाइन कुणालाच चालू देणार नाही. त्या खुर्चीतून हेच सांगितलं. जिथं नोकरीला जाईन तिथंही हेच सांगेन.