काकांचा दीडचा वर्ग

मे महिन्याच्या भर दुपारी स्वतःच्या हाताने कूलर बंद करणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि ते आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. कृषी महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर ते इथिओपियातल्या एका विद्यापीठाच्या मुलांना घरी बसून मातीचं शास्त्र शिकवतात. बसून म्हणणं चूक. बसून शिकवणं त्यांना वर्गाचा अपमान वाटतो. ते लॅपटॉपसमोर उभे राहतात, त्यामुळे गेली दोन वर्षं त्या मुलांनी सरांच्या शर्टाचं तिसरं आणि चौथं बटणच फार जवळून पाहिलं आहे. आपले दीड म्हणजे तिथले अकरा. दीडला कूलर बंद होतो, कारण त्याची घरघर माइकमध्ये जाते, आणि आतून काकू ओरडतात, "अहो, काहून बंद केला? भाजून राहिलो ना आम्ही इथं!" काका डोक्यावर ओला दुपट्टा टाकत म्हणतात, "थांब वं जरा. पोराइले ऐकू नाही येऊन राहिलं."

मी त्यांच्या वर्गात आले ती चिखलामुळे. माती भिजल्यावर कशी फुगते ते मुलांना दिसावं म्हणून त्यांनी एकदा पारशिवनीच्या शेतातलं काळं ढेकूळ कॅमेऱ्यासमोर धरून भिजवलं. माती फुगली आणि कीबोर्डात गेली. मी खाली दिवसभर हेडफोन लावून घरूनच नोकरी करते, एवढ्यावरून मला लॅपटॉपमधलं सगळं कळतं असं काकूंचं मत. मी कापसाच्या काडीने एकेक अक्षर साफ केलं. तेव्हापासून दुपारची सुट्टी मी त्यांच्या कोपऱ्यात काढते. इंग्रजी शाळेत दहा वर्षं काढून मी कधी हात वर केला नाही. कोपरा मला सोयीचा आहे.

नेट महाग म्हणून तिकडची मुलं कॅमेरा बंद ठेवतात. काका नावं लिहिलेल्या काळ्या चौकोनांशी बोलतात. कुणी मध्येच गळलं, तर ते परत येईपर्यंत थांबतात आणि शेवटची पाच वाक्यं पुन्हा सांगतात. तोवर दुसरं कुणी गळलेलं असतं. तासाभराचा वर्ग साडेतीनपर्यंत जातो. मग काका भिंतीला टेकून मलाच विचारतात, "बेटा, दमत असतीन का वं ते पोरं?"

या उन्हाळ्यात तिकडून पत्र आलं: पुढच्या सत्रापासून थेट वर्ग बंद, व्याख्यानं रेकॉर्ड करून पाठवा. काकांनी ते तीनदा वाचलं.

"म्हणजे पोरं नसतीन?"

"नंतर बघतील ना, काका."

"पण त्याइले समजलं का नाही, हे मले कसं समजन?"

"मी बसते ना समोर," मी म्हटलं.

काका हसले. "तुले काळी माती न् गेरू सारखाच वं."

पहिलं रेकॉर्डिंग परवा झालं. काका बराच वेळ नीट बोलले. मग त्यांनी सवयीने इंग्रजीत विचारलं, पाऊस झाल्यावर तुमच्या शेतात पाणी किती दिवस साचतं? आणि थांबले. घाम डोळ्यांत उतरत होता, तरी मान थोडी पुढे करून तसेच उभे राहिले. समोर मी होते, पण तिथल्या शेतातलं पाणी त्या मुलांनाच ठाऊक. शेवटी काका हळूच "गुड" म्हणाले आणि पुढे गेले.

रिकाम्या जागा कापून पाठवा, असं तिकडच्या ऑफिसने कळवलं आहे. ते काम माझ्याकडे आहे. मी काकांचा खोकला कापला, काकूंच्या कुकरची शिट्टी कापली. ते थांबणं तेरा सेकंदांचं आहे. ते मी राहू दिलं. तिकडे एकट्याने बघताना कुणी त्यात उत्तर देईल की नाही, मला माहीत नाही. द्यावंसं वाटलं, तर जागा असावी.