शकूला मी पळायला लावलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आता सत्तरी उलटली, झाकून ठेवायचाही कंटाळा आला — म्हणून तुम्हाला सांगते.

नागपूरला मुलींच्या शाळेत मी आरोग्यशास्त्र शिकवायचे. कवायतीचा तासही माझ्याचकडे. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. पाळी हा शब्द वर्गात कोण उच्चारणार? मुली ‘बाई, अडचण आहे’ म्हणायच्या आणि मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसायच्या. निम्म्या थापा मारायच्या. नागपूरच्या उन्हात पळायची हौस कोणाला असते? पण माझ्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नव्हतं. कोण केव्हा बसली होती, माझ्या बरोबर ध्यानात असायचं. त्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

शकू काटोलकडची, मामाकडे राहून शिकत होती. मॅट्रिकचं वर्ष. ती बाकावर बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसली. त्याच्या पुढच्याही. मग एकदा सगळ्यांदेखत मी म्हणाले, “काय वं, तुझी अडचण महिनाभर चालते का?” मुली फिदीफिदी हसल्या. ती जवळ आली, हळूच म्हणाली, “थांबतच नाही जी, बाई. चक्कर येऊन राहिली मले.”

आणि मला तेव्हाच कळलं — ती खरं बोलत होती. ओठ पांढरे, नखं पांढरी. इतके दिवस अंगावरून जाणं हे नेहमीचं नव्हे, डॉक्टरला दाखवायला हवं, हे मी ट्रेनिंगमध्ये शिकले होते. पुस्तकात तो धडाही होता — दरवर्षी मी तो ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून द्यायचे. लाज वाटायची मला. पण ठाऊक तर होतं! मग काहून मी तिला म्हटलं, चल, पळ? वर्ग हसला होता. आता माघार घेतली तर माझा धाक काय राहिला — एवढंच मनात आलं. ती अर्धी फेरी पळाली आणि खाली बसली.

हेही एक वेळ चुकून झालं म्हणता आलं असतं. पण पुढे तिची आई मला भेटायला शाळेत आली. “पोरगी वाळून राहिली जी. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा — डॉक्टरणीले दाखवू का?” काय सांगायला हवं होतं मी? दाखवा, आजच दाखवा. पण डॉक्टरीण विचारणार, शाळेत कोणाच्या लक्षात नाही आलं? मग मैदानातलं सगळं निघालं असतं. मी म्हणाले, “या वयात होतं असं. लग्नानंतर आपोआप थांबतं.” बाईचा जीव भांड्यात पडला. निश्चिंत होऊन काटोलला परत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शकूला दवाखान्यात नेलं. अंगात रक्तच उरलं नव्हतं. रक्त मिळेपर्यंत ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा मामाच्या घरी कोणीतरी पुटपुटलं, बाईंनी तेव्हाच सांगायचं होतं. तर शकूच्या आईनंच माझा हात धरला. त्या बोलणाऱ्याला म्हणाली, “त्याहिले तरी काय माहीत असन जी.”

मी मान डोलावली.