घारीच्या खोलीतली गुणगुण

भिंगरी गेल्यावर पक्षी केंद्राच्या पत्रकासाठी तिच्याविषयी चार ओळी लिहायच्या होत्या. काम आलं नोंदणी कारकुनाकडे, आणि त्याच्या लक्षात आलं, की नऊ वर्षं एका फळकुटाच्या भिंतीआड बसूनही आपल्याला या बाईची धड माहिती नाही. नवरा होता का, मुलं किती, घर कुठे, काही विचारलंच नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी उभी असलेली कुणी पाहिली नव्हती. ती कारकुनाला मौनीबाबा म्हणायची, त्याचं कारण सांगायला नको.

एका घारीची गोष्ट मात्र त्याला ठाऊक होती.

केंद्राच्या तळ्यावर शाळेची मुलं यायची, संशोधक पक्ष्यांच्या पायात कड्या घालून नोंदी ठेवायचे आणि मागच्या खोल्यांत जखमी पक्ष्यांवर उपचार व्हायचे. भिंगरीचं काम मागच्या खोल्यांत. झाडाची फांदी छाटताना पडलेलं घारीचं पिल्लू खोक्यातून आलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नेहमीचा नियम सांगितला. पिल्लाला माणसाचा चेहरा दिसता कामा नये, आवाज ऐकू जाता कामा नये. नाहीतर ते माणसालाच आई समजतं. भिंगरी डोक्यावरून करडं फडकं घ्यायची, हातात घारीच्या डोक्यासारखा दिसणारा मोजा चढवायची आणि चिमट्याने मांसाचे तुकडे भरवायची. अवाक्षर काढायची नाही.

पण तोंड आवरलं तरी गळा आवरत नसे. भरवताना ती गुणगुणायची आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. फळकुटापलीकडे कारकुनाला सगळं ऐकू यायचं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर हिची नोकरी जायची. हिला सांगितलं तर ही खजील व्हायची. आज सांगू, उद्या सांगू करता करता पाच आठवडे गेले. शिवाय, खोटं कशाला बोला, त्याला ती गुणगुण आवडायची.

घार मोठी झाली, उडायच्या लांबलचक पिंजऱ्यात गेली. डॉक्टरीणबाई आत शिरताच ती पार टोकाला पळाली. म्हणजे पास. गुरुवारी सोडायचं ठरलं. बुधवारी भिंगरी पाण्याची नळी घेऊन पिंजरा धुवायला गेली. कडीचा नंबर ताडून बघायला कारकून सोबत होता. नळीबरोबर गुणगुण सुरू झाली, आणि वरच्या दांडीवरची घार खाली उतरून भिंगरीच्या पायाशी पिल्लासारखी चोच वासून बसली.

“हिला काय झालं?”

“तुम्ही गुणगुणताय,” कारकून म्हणाला.

“मी? कधी?”

“रोजच. पहिल्या दिवसापासून.”

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय?”

कारकुनाने वाकून कडीचा नंबर वहीत उतरवला.

ती तशीच ओल्या बुटांनी डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि चूक कबूल करून मोकळी झाली. कारकुनाचं नाव घेतलं नाही.

“माणसाजवळ येणारी घार बाहेर टिकत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कुणीतरी दगड मारतंच. महिनाभर तुम्ही तिकडे फिरकायचं नाही. त्यानंतरही ती तुमच्याजवळ आली, तर जन्मभर मुलांच्या वर्गात दांडीवर बसेल. वीस वर्षं.”

भिंगरीला मुलांबरोबर तळ्यावर धाडलं. पण दर तासाला ती कारकुनाच्या खिडकीशी हजर.

“खाल्लं?”

“अर्धं ठेवलं.”

“अर्धं का? बरं नाही का तिला?”

“अहो, सकाळी दोन उंदीर गिळलेत. पोट आहे की पोतं?”

“मौनीबाबांना वाचा फुटली,” असं म्हणून ती पायऱ्या उतरायची आणि अर्ध्यातून परत यायची. “कुठल्या दांडीवर बसते?”

कारकुनालाही चैन पडेना. घार अडकली तर ती आपल्या गप्प बसण्यामुळे, हे त्याला कळत होतं.

महिना भरला. भिंगरीने आत जाऊन गुणगुणायचं, अशी परीक्षा. ती दाराशी गेली आणि थबकली.

“काय गुणगुणायचे मी?”

डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. तिने स्वतः तर ते कधी ऐकलंच नव्हतं. चार माणसांत कधी तोंड न उघडलेल्या कारकुनाने घसा खाकरला आणि जमिनीकडे बघत चाल धरली.

“इतकं वाईट?” भिंगरीने विचारलं.

“मूळ बरं आहे.”

तिने चाल उचलली आणि आत गेली. घारीने मान वळवली. दांडीवर एक पाऊल तिच्या बाजूला सरकली. भिंगरी थांबली नाही, फक्त मुठी आवळल्या. मग घारीने पंख उघडले आणि लांबच्या टोकाला जाऊन पाठ करून बसली.

“ओळखसुद्धा दाखवली नाही मेलीने,” बाहेर येऊन भिंगरी म्हणाली. डोळे पुसले ते आनंदाने की कशाने, हेही कारकुनाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी घार सोडली. दोन घिरट्या घालून ती तळ्यापलीकडे गेली. संध्याकाळी भिंगरी पिशवी घेऊन खिडकीशी आली. आठ दिवस बहिणीकडे निघाली होती. तिथेच एका दुपारी बसल्या जागी गेली, असं पुढे कळलं.

“उद्या शाळा कितीला येतेय?” त्या संध्याकाळी खिडकीशी तिने विचारलं.

“साडेनऊला.”

“मुलांचे गमबूट उलटे करून वाळत ठेवा. आत पाणी राहतं.”

“ठेवतो.”