पदरचं घालायचं नाही

माझी थोरली बहीण बावीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात दुभाषी आहे. डॉक्टर कामाच्या भाषेत बोलतात, पेशंट आमच्या घरच्या भाषेत, आणि मधल्या स्टुलावर ताई. तिचा एक नियम आहे. पेशंट म्हणाला, "मी मरणार का?" तर ताईही डॉक्टरांना "मी मरणार का?" असंच विचारणार. "ते विचारतायत की" वगैरे काही नाही. आईच्या आजारपणात मी तिला म्हटलं, डॉक्टरांचं बोलणं जरा सौम्य करून सांग गं आईला. तर म्हणाली, "आपल्या पदरचं घालायचं नाही." मी तीन महिने अबोला धरला होता. अजूनही आठवलं की डोकं फिरतं माझं.

यंदा तिच्याच डोक्यात गाठ निघाली, बोलण्याच्या जागेला अगदी खेटून. मी शाळांचे गणवेश शिवते. कात्री कुठे थांबवायची ते मला खडूची रेघ सांगते, पण डोक्यात कोण रेघ मारणार? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या वेळी तिला जागं ठेवू, ती दोन्ही भाषांत चित्रांची नावं सांगत राहील, जिथे अडखळेल तिथे आम्ही थांबू. ताईचं मात्र एकच पालुपद. "दोन्ही राहिल्या पाहिजेत. एक गेली तर मी कशाची दुभाषी?"

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात एक संशोधक मुलगी आली. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूवर तिचं काम चाललं होतं, आणि ताईचं आत्ताचं बोलणं तिला नोंदवून ठेवायचं होतं. मी बाजूच्या खुर्चीत पर्स कवटाळून बसले. मुलगी चित्रं दाखवत गेली. कंगवा, शिडी, किटली. ताईनं दोन्ही भाषांत धडाधड नावं सांगितली. मग मुलीनं कामाच्या भाषेत विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?"

ताई माझ्याकडे वळली आणि घरच्या भाषेत म्हणाली, "तुम्हाला भीती वाटते का?" मला, सख्ख्या बहिणीला, तुम्ही. आणि शांतपणे माझ्या उत्तराची वाट बघत बसली.

मुलीनं वहीत काहीतरी खरडलं. गेली का ही आत्ताच? मग डोक्यात प्रकाश पडला. बाईसाहेब कामावर होत्या. समोर कामाची भाषा, बाजूला घरचं माणूस, म्हणजे आपण मधे. बावीस वर्षांत तो प्रश्न तिच्यासाठी कधी नव्हताच मुळी.

मी वैतागून म्हटलं, "हो, वाटते. चोवीस तास वाटते. साधी शिवण सरळ येत नाही."

ताईनं ते जसंच्या तसं मुलीला सांगितलं, शिवणीसकट. मुलगी गोंधळून म्हणाली, "तुम्ही शिवणकामही करता?" तेव्हा कुठे ताई भानावर आली. आम्ही तिघी हसलो, आणि ताईनं लगेच पुढचं चित्र मागितलं.

ऑपरेशन सहा तास चाललं. बाहेर बाकावर बसून मी रुमालाच्या चारही बाजू उसवून टाकल्या. गाठ काढली म्हणाले. तिसऱ्या दिवशीही ताई डोळे उघडे ठेवून नुसती पडलेली, तोंडातून एक शब्द नाही. सूज आहे, थांबा, म्हणाले. थांबा म्हणे. यांचं काय जातंय सांगायला.

त्या दुपारी डॉक्टरांनी तिला कामाच्या भाषेत विचारलं, "कसं वाटतंय?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ती भाषा मोडकीतोडकी येते. तिच्या वतीनं मीच ठोकून दिलं, "मी बरी आहे. भीती नाही वाटत."

ताईच्या कपाळावर आठी पडली. "पदरचं," ती घरच्या भाषेत म्हणाली. बऱ्याच वेळानं पुढचं आलं. "घालू नकोस. मला भीती वाटते."

मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या त्या? सवयीनं ताईच त्यांच्याकडे वळली. तोंड उघडलं, काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली.

मी कॉटजवळचं स्टूल ओढलं, दोघांच्या मधे बसले आणि डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगितलं, "मला भीती वाटते." पुढे काही जोडलं नाही.