सकाळच्या हातांचा व्हाइस

"सोडा! सोडा म्हणतोय ना, मिस्त्री! गळ आहे तो, रेल्वेचा रूळ नाही!"

देवळाली कॅम्पातल्या आपल्या व्हरांड्यात सुभेदारसाहेब असे कडाडले, की पलीकडे सरावाच्या तोफा घटकाभर ओशाळून गप्प बसल्या. मी मात्र पिळतच होतो. पस्तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून काढली. आमच्यात रीतच अशी, की नवा व्हाइस, म्हणजे शेगडा, हातात आला की आधी कचकचून आवळायचा. करकरला तर बाजूला, गप्प राहिला तर आपला.

हा व्हाइस मात्र चिमणीच्या चोचीएवढ्या तोंडाचा. त्यात गळ पकडायचा आणि गळावर कोंबड्याची पिसं नि रेशमाचा दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची, माशाला फसवायला. हा नाद निवृत्तीनंतर सुभेदारसाहेबांनीच लावला. माझ्या एका माशीवर घरातल्या पालीनं झडप घातली आणि अपमानानं तिनं तीन दिवस अन्न सोडलं, आता बोला! विकतच्या माशीवर धरलेला मासा मी शेजाऱ्याचा समजतो.

पण गेल्या थंडीत दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवातानं बिऱ्हाड थाटलं. जुन्या व्हाइसचा स्क्रू फिरेना. लेथ सुटलं, आता हेही सुटलं तर हे हात फक्त चहाचा कप धरायला उरणार, हा भुंगा डोक्यात. बसलो की उठायचो, उठलो की खिडकीशी, तिथून परत टेबलाशी. बायको म्हणाली, "अहो, एवढ्या फेऱ्या मारताय तर पायाखाली फडकं तरी घ्या, फरशी पुसून होईल."

सुभेदारसाहेबांकडे दोन व्हाइस जास्तीचे होते. एक स्क्रूचा, एक लिव्हरचा. "लिव्हरवाला न्या," ते म्हणाले. "तळहातानं दाबला की बंद. अंगठ्याला कामच नाही. बूडही जड आहे, टेबलाला आवळत बसायला नको."

"साहेब, लिंबं पिळायची असती तर हाच नेला असता," मी म्हणालो आणि स्क्रूवाला उचलला.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. घरून निघण्याआधी अर्धा तास दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून बसलो होतो. शिवाय गेलो होतो दुपारी चारला. त्या वेळी माझी बोटं जावयासमोर बसल्यासारखी सभ्य वागतात.

संध्याकाळी घरी गळ लावला, रीतीप्रमाणे कचकचून आवळला आणि समाधानानं झोपलो. सकाळी सहाला बसलो. गळ केसभर पुढे घ्यायचा होता. स्क्रू हलेना. टॉवेल गुंडाळला, फुंकर मारली, शिव्या घातल्या. एवढ्या जोरात पांडवलेण्यांचा डोंगर ढकलला असता तर तो मुंबई नाक्याला जाऊन उभा राहिला असता. शेवटी बायको पिठाचे हात पदराला पुसत आली, दोन बोटांनी स्क्रू सोडला आणि म्हणाली, "रोज सकाळी गरम पाण्याची बादली काढून ठेवू का?"

म्हणजे हिला सगळं माहीत होतं. चहा न पिताच निघालो.

"साहेब, आटे गेलेत याचे."

सुभेदारसाहेबांनी एका बोटानं स्क्रू पुढे फिरवला, मागे फिरवला. लिव्हरवाला माझ्यासमोर सरकवला.

माझे हात अजून सकाळचेच होते, लाकडासारखे. गळ ठेवला, तळहाताच्या बुडानं लिव्हर दाबला. टक. गळ जागच्या जागी. दोरा दोनदा निसटला, एक पंख कलला, मधेच उठून मी व्हरांड्यात तीन चकरा मारल्या, पण माशी झाली. अशी झाली, की दारणा नदीतले मासे तिकडे रांगेत उभे राहिल्याचा आवाज मला इथं ऐकू आला. तसं मी साहेबांना सांगितलंसुद्धा.

ते हसले नाहीत. मग मी, सहज विचारावं तसं, माशीकडेच बघत विचारलं, "साहेब, किती वर्षं निघतील हो आता यावर?"

"व्हाइस टिकेल," ते म्हणाले.