कुरणे सरांचे लहान स्पीकर

कसबा बावड्यातलं दुमजली घर विकायचं ठरलं, तेव्हा भाऊसो कुरणे सरांना घरापेक्षा स्पीकरांचं जास्त वाईट वाटलं. घर गवंड्यानं बांधलं होतं. स्पीकर त्यांनी स्वतः बांधले होते.

सर मूळचे नेसरीचे. कोल्हापुरात येऊन आयटीआयमध्ये एकतीस वर्षं त्यांनी पोरांना रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकवली. एकोणनव्वद साली टिंबर मार्केटमधून सागवानी फळ्या आणल्या, मुंबईहून खालच्या, जाड आवाजाचे बारा इंची वूफर मागवले आणि तीन महिने खपून ती जोडी उभी केली. कमरेच्या वर येणारी खोकी, एकेक हलवायला दोन माणसं लागायची. फळ्यांना सरस लावला तेव्हा शालनने, त्यांच्या बायकोने, दोन्ही हातांनी त्या तासभर दाबून धरल्या होत्या. पुढच्या बाजूला ताणलेलं जांभळं कापड तिच्याच एका जुन्या सुती पातळाचं होतं.

तेव्हापासून सरांचा नेम ठरला. कामावरून यायचं, अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि दोन तास ऐकत बसायचं. शालन बुद्धविहारातल्या महिला मंडळात गायची. मंडळाची एक कॅसेट सरांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती. त्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा आणि मागं झांज वाजायची. नवं यंत्र कुठंही आलं की सर आधी ती कॅसेट लावत. झांज स्वच्छ वाजली तर यंत्र चांगलं.

गेल्या वैशाखात शालन गेली. चौदा महिने डायलिसिस चाललं होतं. सरांचे गुडघे तर त्याच्याही आधी गेले होते. एकट्या माणसानं जिना चढायचा, दोन मजले झाडायचे, कशासाठी? त्यांची मुलगी अक्षता नाशिकहून आठ दिवसांची रजा काढून आली आणि तिनं फुलेवाडीला लिफ्टच्या इमारतीत एक खोली आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट पक्का केला. टेप लावून तिनं खोली मोजली, मग बापाकडं बघून म्हणाली, "पप्पा, ह्यात एकतर तुम्ही राहाल, नाहीतर ते स्पीकर."

सरांनी वाद घातला नाही. मोठे स्पीकर विहाराला द्यायचे आणि आपल्यासाठी शेल्फवर मावेल अशी लहान जोडी घ्यायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शाहूपुरीत बाळासो नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याचं दुकान आहे. सर अक्षताला घेऊन येणार म्हटल्यावर त्यानं तीन जोड्या मांडून ठेवल्या, पंखा बंद केला आणि खुर्ची बरोबर मधे ठेवली. सरांना बरं वाटलं. पोरगं शिकवलेलं विसरलं नव्हतं. जुन्या कॅसेटचं गाणं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं, ते त्यांनी लावायला सांगितलं.

पहिल्या जोडीत झांज आलीच नाही. सरांनी हातानंच नको अशी खूण केली. दुसऱ्या जोडीतही तेच. तिसरी सगळ्यात भारी होती. ती लावल्यावर सर पुढं झुकून ऐकत राहिले आणि मग म्हणाले की ह्याचा ट्वीटर, वरच्या सुरांचा कर्णा, गेलाय, डावा आणि उजवा दोन्ही. कंपनीचा माल असून असा कसा, तू तपासून घेत नाहीस का, असंही त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

बाळासोनं स्पीकरजवळ जाऊन कान लावला. मग अक्षताकडं बघितलं. अक्षता खाली बघत होती.

"सर," तो म्हणाला, "वाजतंय की. झांज चांगली खणखणीत वाजाय लागलीया."

सरांना वाटलं, हा माल खपवायला बघतोय. त्यांनी त्याला फोनमधून नुसता सूर सोडायला सांगितला. वर्गात ते हेच करायचे. यंत्रातून बारीक सूर सोडायचा, तो चढवत न्यायचा आणि कुणाला कुठवर ऐकू येतंय ते फळ्यावर लिहायचं. बाळासोनं हजार हर्ट्झपासून सुरुवात केली. सर मान हलवत होते. दोन हजार, तीन हजार. मग सूर थांबला.

"बंद का केलास?" सरांनी विचारलं.

बाळासोचं बोट अजून फोनवर सरकत होतं. सरांनी बघितलं तर त्याचे डोळे बारीक झाले होते, कपाळाला आठी पडली होती. पलीकडं अक्षतानं एक कान हातानं झाकून घेतला होता. खोलीत सरांना काहीही ऐकू येत नव्हतं.

एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला आणखी कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. कान म्हातारा होताना वरचे सूर आधी जातात, पाठोपाठ बोलण्यातले स, श, त, फ पुसट होतात, हे त्यांनीच पोरांना लिहून दिलं होतं. वाईट हे की जाताना ते आवाज करत नाहीत. सरांनी घाईनं मधली जोडी बांधायला सांगितली. कुठलीही घेतली असती तरी आता त्यांना ती सारखीच होती.

रिक्षा करून दोघं घरी निघाले. दसरा चौक गेल्यावर सरांच्या डोक्यात एकेक गोष्ट सरकायला लागली. आजारपणात शालनचा आवाज खोल गेला होता. ती पलीकडच्या खोलीतून काही म्हणायची आणि सर खेकसायचे, मोठ्यानं बोल की, घशात काय अडकलंय. पुढं पुढं ती बोलेनाशीच झाली. काही हवं असलं की खाटेच्या लोखंडावर वाटी आपटायची. सरांना वाटलं होतं, दुखण्यानं ही रुसकी झाली.

आणि ट्रेबलचं, वरचे सूर चढवायचं बटण. घरच्या ॲम्प्लिफायरवर ते कधीकाळी मधोमध असायचं. गाणं अलीकडं मळकट लागतंय म्हणून सर दरवर्षी ते थोडं उजवीकडं नेत गेले होते. शेवटची दोन-तीन वर्षं ते पार टोकाला होतं. शालन एकदा म्हणाली होती, "कमी करा वो जरा, कानात दाभण घातल्यागत हुतंय." सरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. बायकांना त्यातलं काय कळतंय, असंही मनात आलं होतं.

घरी पोचल्यावर त्यांनी अक्षताला समोर बसवून विचारलं की तुला हे कधीपासनं ठाऊक होतं. ती आधी टाळत राहिली. मग म्हणाली, चार वर्षं झाली. कानाच्या डॉक्टरकडं जायचं मी तुम्हाला सुचवणार होते, पण आईनंच शपथ घातली.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, त्यांनी जन्मभर कानावरच भाकरी खाल्लीया. कान गेला म्हणून सांगितलंस तर तो माणूस बसल्या जागी मरंल. मी घेते सोसून."

सर उठले आणि मागच्या खोलीत गेले. शालनची खाट तिथून केव्हाच हलवली होती. खाट होती त्या जागेवर, भिंतीला टेकून ते उभे राहिले आणि अक्षताला पुढच्या खोलीत गाणं लावायला सांगितलं, बटण होतं तसंच ठेवून. गाणं सुरू झालं. त्यांना ते नेहमीसारखंच मऊ, जरा मळकट लागलं. त्यांनी तिला म्हटलं, इथं उभी राहा आणि खरं सांग, कसं लागतंय. अक्षता येऊन शेजारी उभी राहिली. तिनं अर्धं मिनिट सोसलं, मग धावत जाऊन बंद केलं. परत येऊन तिनं त्यांचा दंड धरला, पण त्यांना तो स्पर्श नकोसा झाला. शालनच्या ज्या त्रासाची माफी मागायची तो नेमका कसा होता हेसुद्धा त्यांना या जन्मी ऐकू येणार नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून कानात घालायचं यंत्र सांगितलं. बोलणं बरंच समजेल, म्हणाले, गाण्याचं मात्र फार धरू नका.

विहारात नवीन उभे स्पीकर आले होते. तिथल्या मंडळींनी मान राखून सांगितलं की, सर, एवढी जागा कुठाय. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा ट्रेडच बंद झाला होता. घर शुक्रवारी रिकामं करून द्यायचं होतं. शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. खोकी त्याच्या हातगाडीवर मावेनात म्हणून त्यानं अंगणातच ती उकलली. सरस इतका पक्का बसला होता की फळी चिरली पण सांधा सुटला नाही. लोहचुंबकांसाठी त्यानं वूफर काढून घेतले, लाकूड वेगळं बांधलं. जांभळं कापड अक्षतानं उचलायला घेतलं, तर ते हातातच विरलं.

फुलेवाडीच्या खोलीत लहान स्पीकर शेल्फवर बसले. जाण्याआधी अक्षतानं जुन्या ॲम्प्लिफायरच्या तारा जोडून दिल्या. पहिल्या संध्याकाळी सरांनी अंघोळ केली, चहा घेतला आणि गाणं लावलं. ट्रेबल त्यांनी मधोमध ठेवला. शालन गात होती, पण पोत्यात गुंडाळून ठेवल्यासारखी, आणि शब्द तर कळतच नव्हते. त्यांचा हात बटणाकडं गेला. मग त्यांना शेजारच्या भिंतीपलीकडं राहणाऱ्या माणसांची आठवण झाली. तिथं कोण आहे, कुणी आजारी आहे का, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी हात मागं घेतला आणि सगळंच बंद केलं.

दर रविवारी अक्षताचा फोन येतो. कानात यंत्र घालून ते बोलतात. स्पीकर कसे वाजतात, असं ती विचारते. चांगले वाजतात, असं ते सांगतात, आणि ती पुढं काही विचारत नाही.