फक्त पानं उलटायला

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तो होता तोवर रोज जेवायला समोर बसायचा, सांगता आलं असतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मीनलला ओळखत नाही.

मीनल माझी शाळेपासूनची मैत्रीण. ठाण्यात एका मिसकडे आम्ही दोघी पियानो शिकायला जायचो. तिचा हात चालायचा, माझा नाही. मला नोटेशन मात्र झरझर वाचता यायचं — पण नुसतं वाचता येऊन करायचं काय? मग तिच्या कार्यक्रमांत मी पानं उलटायला बसू लागले. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून शेजारी एक माणूस बसवतात. त्याने काळे कपडे घालायचे, पान संपत आलं की उठून वरचा कोपरा धरायचा, आणि वाजवणाऱ्याने मान हलवली की उलटायचं. लोकांना तो दिसताच कामा नये. मला हे काम आवडायचं. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचे.

ती संध्याकाळ घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमधली. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, असं तिघांचं वादन. मीनल कित्येक महिने त्यासाठी खपली होती. ऐकणारे आपलेच लोक, गाण्याच्या बैठकीला आल्यासारखे. मधेच कोणीतरी "वाह!" म्हणायचं आणि व्हायोलिनवाला तरुण दचकायचा. मध्यंतरात सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिघांना गुलाब दिले. मग मी दिसले आणि ते हात रिकामे घेऊन घुटमळले. मीनल हसत म्हणाली, "अहो, ही नाही वाजवत. ही फक्त पानं उलटायला आलीय."

काय खोटं होतं त्यात? काहीच नाही. तिने ते बिचाऱ्या सेक्रेटरींना सोडवायला म्हटलं, हेही मला तेव्हाच कळलं होतं. पण इतक्या वर्षांचं मनात साठलेलं सगळं त्या एका 'फक्त'ने वर आलं.

मध्यंतरानंतर संथ भाग सुरू झाला. तिघंही फार सुंदर वाजवत होते. पान संपत आलं. मी उठले, कोपरा धरला. मीनलने मान हलवली —

आणि मी पान उलटलं नाही.

किती वेळ? एक श्वास, फार तर. काय वाटलं होतं मला? फक्त पानं उलटणारी नसली तर काय होतं, ते तिला कळावं? तिने गडबडून स्वतःच डावा हात घातला, दोन पानं एकदम गेली, व्हायोलिन थांबलं. चेलो थोडा वेळ एकटाच वाजत राहिला आणि मग तोही गप्प झाला. त्यांनी तो भाग पहिल्यापासून वाजवला. लोकांनी उलट जास्तच टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर निभावलं असतं.

परतताना आम्ही रिक्षात होतो. घोडबंदर रोड नेहमीसारखा तुंबलेला. मीनलने विचारलं, "अगं, मी मान हलवलेली ना गं?"

इथे तिच्या आईविषयी सांगायला हवं. शेवटी शेवटी त्या सगळं विसरल्या होत्या, मीनललाही ओळखत नव्हत्या. आपलंही तसंच होणार, ही मीनलची सगळ्यात मोठी धास्ती. ती तिने एकट्या मला सांगितली होती.

मी म्हणाले, "नाही गं. नाही हलवलीस."

ती पुढच्या बसकडे बघत राहिली. तिचा गुलाब माझ्या मांडीवर होता, तिनेच धरायला दिलेला.

त्यानंतर ती लोकांसमोर कधी बसली नाही. वर्षभरात पियानोही विकला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं व्यवस्थित निघालं. पण रिपोर्टवर तिचा विश्वास बसेना. माझ्या शब्दावर बसला होता ना!

आता ती वर्तकनगरला एकटी, मी डोंबिवलीत एकटी. रोज तिचा फोन येतो. औषध घेतलं का मी? काल तुला हेच सांगितलं का? खरं सांगायचं कितीदा तरी ठरवलं. मग वाटतं, सांगितलं की फोन थांबेल. मुलगा परदेशात, दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं आहे कोण? म्हणजे तिच्या भीतीवर मी माझी सोबत भागवते. हे लिहिताना मला माझी किळस येते. तरी संध्याकाळ झाली की मी फोन जवळ घेऊन बसते.

परवा तिच्याकडे जेवून घरी पोचले, तोच फोन. "अगं, तू निघालीस तेव्हा गॅस बंद केलेला ना मी?"

"हो, केलेलास. मी बघितलं."

"तू बघितलंस ना? मग झालं," म्हणाली आणि निवांतपणे फोन ठेवला.

गॅस तिने बंद केला होता. आणि त्या संध्याकाळी मानही हलवली होती. मी बघितलं होतं.